तिसरी बैठक

तृप्ती जगदाळे पुन्हा पोटभर जेवायला लागली तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं, एक हर्षदा सोडून.

हर्षदा म्हणजे तिची धाकटी जाऊ. माघ महिन्यात हर्षदाचा नवरा दिगंबर विजेच्या खांबावर काम करताना गेला, आणि ज्या हाताने त्या तारेत वीज सोडली तो हात तृप्तीचा होता. आता सख्ख्या दिराच्या जिवावर मुद्दाम कोण उठेल? चौकशीचा अहवालही तेच म्हणाला, फक्त त्यासाठी त्याने अठ्ठावीस पानं घेतली. पण अहवाल फायलीत राहतो आणि माणसं एका घरात राहतात. त्यांना रोज एकमेकींना भाकरी वाढावी लागते.

तृप्ती माणदेशातल्या बोरजाई गावच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होती. एव्हाना तारांवरचा बिघाड शोधायला ड्रोन आले होते, कुठल्या खांबावर काय तुटलंय ते पडद्यावर घरबसल्या दिसत होतं. पण तुटलेली तार बांधायला अजून माणूसच चढत होता. त्याची एक पद्धत होती. लाइनमनने फोन करून परमिट मागायचं. मग ऑपरेटरने ब्रेकर पाडून त्या फीडरची, म्हणजे त्या बाजूच्या वाहिनीची, वीज बंद करायची, वहीत नंबर टाकायचा. काम झालं की ज्याने परमिट घेतलं त्यानेच, स्वतःच्या तोंडाने, ते परत करायचं. मगच वीज चालू.

हा झाला कागद. बोरजाईत चालायचं ते जोडीचं परमिट. एकाच फीडरवर दोन ठिकाणी दोघे कामाला असले, की दोघांचं उरकल्यावर एकानेच दोन्ही परमिटं परत करून टाकायची. कारण डोक्यावरून दिवसाला चाळीस उपग्रह जात असले तरी डोंगरामागच्या खोऱ्यात रेंज नव्हती ती नव्हतीच. फोन करायला खिंडीपर्यंत चालत यावं लागे. मग दोघांनी कशाला पाय तोडायचे? वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि वीस वर्षं कुणाला खरचटलंही नव्हतं.

त्या दिवशी दिगंबर खाली उतरला. जोडीदार शिवदास खरात याला म्हणाला, "उरकलं माझं, दोन्ही देऊन टाक." शिवदास खिंडीकडे निघाला. तो वळणाआड गेल्यावर दिगंबरला वर बांधलेला एक सांधा सैल वाटला. अर्धवट काम टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो पुन्हा चढला. इकडे शिवदासचा फोन आला, "वहिनी, माझं आणि दिगूचं, दोन्ही परत." दुसऱ्या फोनवर शेतकरी खोळंबले होते, गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. दिरालाच खिंडीत बोलावून एकदा विचारावं असं तृप्तीच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं, एवढंच. अकरा वाजून वीस मिनिटांनी तिने ब्रेकर चढवला.

पुढचा महिना तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. घास तोंडात फिरायचा आणि ती ताटावरून उठायची. घरात तिला कुणी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं. एका सकाळी नवऱ्याला, महेशला, ती मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर आत पाय सोडून बसलेली सापडली. त्याच आठवड्यात तो तिला जिल्ह्याच्या गावी डॉक्टर इनामदारांच्या केंद्रात घेऊन गेला.

तिथल्या उपचाराचं सरकारी नाव वेदनाशमन. लोक नुसतं 'बैठक' म्हणत. डॉक्टर इनामदार पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या.

"आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो," त्या म्हणाल्या. "तसं नसतं, ताई. आठवण काढली की थिजलेल्या तुपाला ऊब लागावी तशी ती मेंदूत पातळ होते, आणि पाच-सहा तासांनी पुन्हा थिजते. मेंदूत दोन्हीकडे बदामाएवढी एकेक गाठ असते. आठवण थिजताना ती गाठ तिला भीतीचा, दुःखाचा चटका जोडून देते. त्या पाच-सहा तासांत औषधाने आणि बारीक ध्वनिलहरींनी आम्ही ती गाठ गप्प बसवतो. मग आठवण तशीच थिजते, पण चटक्याशिवाय."

"म्हणजे मी विसरणार नाही?"

"एक अक्षरही नाही. फक्त जेवढं आठवाल तेवढंच शमेल. म्हणून सगळं तोंडाने बोलून सांगायचं. बैठका तीन. दोन झाल्या की दुखणं दबतं, पण ते परत येऊ शकतं. तिसरीत त्या दिवसाचं आत जे काही उरलं असेल ते सगळं शांत होतं. त्यानंतर मात्र परतीचा रस्ता नाही."

या उपचाराला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या केंद्रात भाजलेल्या मुली येत, युद्धावरून परतलेले जवान येत, आणि त्यांना खरोखर झोप लागू लागे. तृप्तीलाही लागली. दोन बैठकांनंतर ती जेवायला लागली, पदर खोचून कामं करायला लागली. वीज कंपनीने तिला कामाला योग्य असल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र दिलं आणि ती पुन्हा पॅनलसमोरच्या खुर्चीत बसली. तिसरी बैठक झाली की प्रमाणपत्र कायमचं. नाही झाली तर पॅनलवरून उठून भांडारात जायचं, वायरची भेंडोळी मोजत बसायचं.

वैशाखातली गोष्ट. दुपारी एकच्या सुमाराला गणपत नावाच्या नव्या लाइनमनचा फोन आला. "बाई, माझं आणि शिवदासचं, दोन्ही परत." तृप्तीने वहीत नोंद केली आणि ब्रेकर चढवला.

तासाभराने शिवदास खरात स्वतः उपकेंद्रात आला. उन्हाने त्याचं तोंड रापलं होतं. त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला.

"माझं परमिट कुणी परत केलं, वहिनी?"

"गणपतने."

"मला विचारलं न्हाई तुमी."

तृप्तीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कंपनीचं नवं परिपत्रक लावलेलं होतं. ज्याचं परमिट त्यानेच परत करावं, दुसऱ्याकडून स्वीकारू नये. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार. पण तिला ते पाठ होतं, क्रमांकासकट.

"तुम्ही खाली होता ना?" तिने विचारलं.

"पाच मिनिटं झाली व्हती उतरून. पाचच." शिवदासने तोंडावरचा घाम पुसला. "मी त्या दिवशी दिगूचं परमिट परत केलं. तवापास्नं खांबाला हात लावला की त्यो दिसतो मला. झोप न्हाई, काय न्हाई. साहेब म्हणले, तू बी बैठका घे. मी म्हणलं, नगं. त्यो दिसतो म्हणून तर मी तीनदा बघून उतरतो. बाकी कुणाचं सोडा वहिनी, पण तुमी तरी इचाराल असं वाटलं व्हतं."

तो हेल्मेट घेऊन गेला. तृप्ती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली. नियम तिला माहीत होता. जोडीच्या परमिटाने काय होतं हे तर तिच्याइतकं अख्ख्या तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. तरीही ब्रेकरकडे जाताना हाताला कुणी मागे ओढलं नाही. आधीची तृप्ती दहा वेळा विचारून मगच उठली असती. ही चांगली झोपलेली, चांगली जेवलेली तृप्ती एका माणसाला मारता मारता राहिली होती, आणि हे कळूनही तिच्या छातीत साधं धस्स झालं नाही. त्याचं तिला फक्त नवल वाटलं.

त्याच आठवड्यात हर्षदा तिच्याशी बोलली. पडवीत हर्षदा हुलगे निवडत बसली होती. पलीकडे सासूबाई, दोघी सुना त्यांना आत्या म्हणत, भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या. मोतीबिंदूपेक्षा मुलाच्या जाण्याने त्यांची नजर जास्त गेली होती. तृप्ती कामावरून आली आणि दुसऱ्या बाजूने सुपात हात घालून बसली.

"अक्का, त्या दिवशी काय झालं ते तुमी मला कधी सांगितलंच न्हाई," हर्षदा म्हणाली. "मला सगळं दुसऱ्यांकडनं कळलं."

तृप्तीने सांगितलं. शिवदासचा फोन किती वाजता आला, तो काय म्हणाला, तिने वहीत काय लिहिलं, ब्रेकर कधी चढवला, पडद्यावर कुठला दिवा लाल झाला. सांगताना तिचा हात थांबला नाही. खडे एका बाजूला, हुलगे एका बाजूला. "एवढंच," ती म्हणाली.

"हे तुमच्याशी काय बोलले न्हाईत?"

"फोन शिवदासचा होता."

हर्षदाने सूप खाली ठेवलं. "हे सगळं सांगताना तुमच्या जिवाला काय बी होत न्हाई?"

खोटं बोलावं हे तृप्तीला सुचलंच नाही. "नाही," ती म्हणाली.

हर्षदा रडली नाही. तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "पहिला महिनाभर तुमी ताटावरनं उठायच्या तवा मला तुमचा राग यायचा. तोंड बघू वाटायचं न्हाई तुमचं. पण वाटायचं, आपल्यासारखं जळणारं आणखी एक माणूस ह्या घरात हाय. त्या आधारावर मी ऱ्हायले. मग तुमी जेवायला लागला आणि मी एकटी पडले." तिने पदराने हात पुसले. "सोमवारी भाऊ येतोय न्यायला. आता मी तिकडंच ऱ्हाणार. आत्यांना तुमी बघा."

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. तृप्तीचं जळायचं थांबलं होतं. हर्षदा जाणार, एका ताटात जेवलेली, आजारपणात आपल्या उशाशी बसलेली हर्षदा कायमची जाणार, हे तिला कळत होतं. यावर आपल्याला रडू यायला हवं हेही कळत होतं. पण ते सगळं शेजारच्या गावात घडावं तसं लांबून येत होतं.

तिसरी बैठक शनिवारी होती. आदल्या दिवशी तिने महेशला सहज विचारलं, "नाही घेतली तर?"

महेश जेवता जेवता थांबला. "माझा भाऊ गेला, तृप्ती. मी कुणाला काय म्हणलो न्हाई. पण त्या दिवशी तुला कठड्यावरनं उतरवताना वाटलं, आता तू बी चाललीस. मला पुन्हा त्या विहिरीवर यायचं न्हाई." नको म्हणायला मुळात काही वाटावं लागतं.

केंद्रात तिला आरामखुर्चीत बसवलं, डोक्यावर ध्वनिलहरींची टोपी चढवली, दंडात सुई लावली. औषध अजून सोडलं नव्हतं. डॉक्टर समोर स्टूल घेऊन बसल्या.

"मागच्या दोन्ही वेळी तुम्ही अकरा वाजल्यापासून सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आज उठल्यापासून सांगा. काही राहून गेलं असेल तर तेही येऊ दे."

तृप्ती सांगू लागली. पाचला उठले. धारा काढल्या. माझा आणि ह्यांचा डबा भरला. आठला चार्ज घेतला, सगळे फीडर चालू होते. "नऊ चाळीसला खिंडीतून दिगू भावजींचा फोन आला, परमिटसाठी. मी ब्रेकर पाडला, नंबर सांगितला. मग ते म्हणाले…"

ती थांबली. तोंड उघडंच राहिलं. दिगंबरचा आवाज कानाशी आला, मागे वाऱ्याच्या घोंघावण्यासकट आणि थोड्या ओशाळ्या हसण्यासकट. पहिल्या दिवसापासून हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चौकशीत कुणी विचारलं नव्हतं, आणि नंतर तिने स्वतःलाही ते आठवू दिलं नव्हतं. पडद्यावरची नाडीची रेघ उसळली.

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी विचारलं.

तृप्तीने टोपीच्या पट्ट्याला हात घातला. "डॉक्टर, हे इथं बोलले की हेही शमेल?"

"हो. हाच भाग राहिला होता. आठवला नव्हता, म्हणून तसाच जिवंत राहिला."

"नंतर मी दुसऱ्या कुणाला सांगितलं तर?"

डॉक्टर इनामदार खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "शब्द सगळे सांगता येतील," त्या म्हणाल्या.

नुसते शब्द सांगून काय होतं ते तृप्तीने पडवीत पाहिलं होतं. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे ज्याचं आहे त्याला आधी द्यायचंय मला."

"मी अडवू शकत नाही. पण आज उठलात तर हे दुखणार, आणि याला धरून बाकीचंही एकेक करून जागं होणार. प्रमाणपत्र मिळणार नाही."

"ठीक आहे."

"जड गेलं तर या मात्र. यंत्राशिवाय, नुसतं बोलायला या. एकटीने सोसायचं नाही." त्यांनी स्वतः तिच्या दंडातली सुई काढली.

बाहेर महेश गाडीत वाट बघत होता. "न्हाई घेतली," एवढंच ती म्हणाली. त्याने दार आपटलं आणि गाडी सुरू केली. हे हर्षदाआधी कुणाला सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

हर्षदा आतल्या खोलीत लुगडी बॅगेत भरत होती. तृप्ती उंबऱ्यापाशी जमिनीवर बसली.

"हर्षदा, मी तुला अर्धंच सांगितलं. भावजी माझ्याशी बोलले होते. सकाळी, परमिट घेताना." तिचा आवाज फाटला. "म्हणाले, वहिनी, हर्षदा माझा फोन उचलत न्हाई. तिला सांगा, दुपारी मी जेवायला घरीच येतोय. वांग्याचं भरीत कर म्हणावं. मी म्हटलं, आत्ता सांगते. मग दुसरा फोन आला आणि राहून गेलं. आणि अकरानंतर, हर्षदा, कसं सांगणार होते मी?"

हर्षदाच्या हातात अर्धी घडी घातलेलं लुगडं तसंच राहिलं. "भरीत म्हणले?"

"हो."

"त्यांना भरीत चालत न्हाई. वास बी सोसत न्हाई." ती बॅगेशेजारी खाली बसली. "मला आवडतं भरीत."

मग बोलली ते जमिनीकडे बघत. "सकाळी भांडले व्हते मी. म्हणलं, दुपारी येऊ नका जेवायला, माझ्या हातचं गोड लागत न्हाई ना. म्हणून फोन उचलला न्हाई. चार महिने मला वाटतंय, हे रागातच चढले वर. माझं बोलणं डोक्यात व्हतं म्हणून ध्यान सुटलं. चार महिने मी रोज मरतेय, अक्का. आणि तुमच्याकडं हे व्हतं."

तृप्तीला तोवर वाटत होतं की आपल्या हातून एक माणूस गेला. आता कळलं की दुसरंही रोज थोडं थोडं जात होतं, आणि ते वाचवणारं एक वाक्य आपण तोंडात धरून बसलो होतो. मग बाकीचं सगळं आलं. ब्रेकरचा खटका आला, पडद्यावरचा लाल दिवा आला, खिंडीतून शिवदासने फोनवर मारलेली हाक आली, पांढऱ्या कापडाखालची दिराची काळी पडलेली बोटं आली. ती पालथी पडून रडू लागली. हर्षदाने तिला दंडाला धरून बसतं केलं आणि गदागदा हलवलं. तृप्तीने तोंड फिरवलं नाही.

"मी तुमाला माफ करणार न्हाई," हर्षदा म्हणाली.

"करू नकोस."

"कधीच न्हाई करणार."

"नको करू. मी मागत नाही."

हर्षदाने दंड सोडला नाही. मग तिचाही बांध फुटला. पडवीतून आत्यांनी विचारलं, "कोण रडतंय गं? थोरली का?"

माघातलं दुःख तृप्तीला विहिरीपर्यंत घेऊन गेलं होतं. आजचं त्याहून कमी नव्हतं, उलट त्यात आणखी एका माणसाचं मिसळलं होतं. पण आज ती त्याला पाठ दाखवत नव्हती. ते अंगावर येत होतं, छाती फुटेल असं वाटत होतं, आणि ती बसली होती त्या जागेवर बसून होती. हे आपल्याला पेलतंय, याचं तिला रडता रडता आश्चर्य वाटलं.

आवाजाने महेश आत आला. बायकोची अवस्था बघून त्याने खिशातून फोन काढला. "मी डॉक्टरांना लावतो. आत्ताच्या आत्ता परत नेतो हिला."

"दादा, ठेवा तो फोन," हर्षदा म्हणाली.

"अगं, बघतीस ना काय झालंय तिचं?"

"बघतीय. रडू द्या त्यांना."

"आणि उद्या परत विहिरीवर जाऊन बसली तर?"

तृप्तीने मान हलवून नाही म्हटलं. हर्षदाने डोळे पुसले, बॅगेतली लुगडी उचलून पुन्हा कपाटात ठेवायला सुरुवात केली आणि महेशकडे न बघताच म्हणाली, "मी हाय की घरात."